मानाचा बार

सोमवार, ५ जानेवारी १९७६

चौथ्या तासाला हेडसरांनी ऑफिसात बोलावलं तेव्हा मला वाटलं, कायम झाल्याची ऑर्डर आली. ती नव्हती, परिपत्रक होतं. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक तास 'बंदूक-सुरक्षा' शिकवावी, महिन्याने विद्यार्थ्यांची मते घ्यावीत आणि तीन प्रतींत वर पाठवावीत.

आमचे हेडसर पंचाक्षरी स्वामी अक्कलकोटकडचे. कागद लांबलचक असला की आधी "शिवा शिवा" म्हणतात आणि मग वाचतात. आज दोनदा म्हणाले.

मी म्हणालो, "सर, अख्ख्या हराळगावात बंदूक एकच. हिंदुराव पाटलांची, ठासणीची. तीही वर्षातून एकदा, खंडोबाच्या यात्रेला बाहेर निघते."

"किती बंदुका पाहिजेत ते कागदात लिहिलेलं नाही," हेडसर म्हणाले. "आणि सध्या आलेल्या कागदाला नाही म्हणायचे दिवस नाहीत, डोंगरे. तुमच्या अर्जात एन.सी.सी. लिहिलंय. तुम्हीच घ्या."

अर्जात लिहिलं आहे हे खरं. सोलापूरला कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होतो हेही खरं. बँडमध्ये ढोल वाजवायचो. नेमबाजीच्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

मी चित्रकला आणि पी.टी. शिकवतो. नोकरीला फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. मग शाळा समिती ठरवणार, महिपती डोंगरे कायम की घरी. समितीचे अध्यक्ष हिंदुराव पाटीलच. तिकडे कुर्डुवाडीला दगडूमामा, रेल्वे वर्कशॉपात फिटर, त्यांनी दिवाळीत आपली मुलगी दाखवली आणि म्हणाले, "कायम झालासा की या, तारीख काढू." मुलीचं नाव गिरिजा. पोह्यांची बशी देताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं. तेव्हापासून मला कायम होण्याची फार घाई झाली आहे.

बुधवार, ७ जानेवारी

पहिला तास झाला, उत्तम झाला. परिपत्रकातले पाच नियम फळ्यावर लिहून दिले:

१. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे.
२. बंदुकीचे तोंड माणसाकडे करू नये.
३. खात्री झाल्याशिवाय घोड्याला बोट लावू नये.
४. नळीत काय आहे ते स्वतः तपासावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.
५. धोका दिसेल त्याने, मग तो लहान असो की थोर, 'थांबा' असे ओरडावे. सर्वांनी आहे तिथे थांबावे. ज्याने थांबवले त्यानेच 'चला' म्हणावे.

दहावीतली निंगव्वा पहिल्या बाकावर बसते. हुशार आहे, पण प्रश्न विचारायची खोड आहे. "सर, तुमी उडवलीया का बंदूक?"

"पुष्कळदा," मी म्हणालो.

"कानाला तरास हुतो का?" हा येडू, नववीतला. याच्या घरची मेंढरं आहेत.

"होतो की. उजव्या कानाला जास्त, कारण टिपरू उजव्या हातात असतं."

वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. विषय त्यांना नवीन आहे, सवय व्हायला वेळ लागेल.

शनिवार, १० जानेवारी

सुताराकडून लाकडी बंदूक करून आणली. बाभळीची आहे. त्याने आजवर नांगरच केलेले असल्यामुळे मुठीकडून ती थोडी नांगरासारखी दिसते आणि उचलायला दोघं लागतात. नकाशांच्या कपाटात ठेवली. तोंड दाराकडे आलं.

आता अडचण अशी की कपाट कुणी उघडेना. नियम एकप्रमाणे बंदूक भरलेली आहे आणि नियम दोनप्रमाणे तिच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. आठवीला दक्षिण अमेरिका चालू होती, ती बंद पडली. भूगोलाचे मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. मी निंगव्वाला म्हणालो, "अगं, लाकडाची आहे ती." ती म्हणाली, "सर, पयल्या नेमात लाकूड-लोखंड आसं काय लिवलंय का?" शेवटी मी कपाटामागची फळी काढून नकाशा ओढला. ब्राझील थोडं फाटलं.

सोमवार, १९ जानेवारी

आज मधल्या सुट्टीत चिंचेवरच्या आग्या मोहोळाला गुंडा नावाचं पोरगं दगड मारणार, इतक्यात येडू ओरडला, "थांबा!" सगळी शाळा जागच्या जागी उभी राहिली. गुंडा हात वर करून उभा, एक मुलगी हंड्यातून पाणी ओतताना उभी, आणि शिपाईही घंटेखाली हातोडा घेऊन उभा. मीही थांबलो. नियम मीच शिकवला, मीच हललो तर कसं?

येडू धूर करायला बापाला बोलवायला म्हणून घरी पळाला. वाटेत मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरलेली दिसली, ती हाकलण्यात 'चला' म्हणायचं विसरला. आम्ही पाऊण तास उभे होतो. हंडा रिकामा झाला. घंटा न झाल्यामुळे पाचवा तास सुरू झाला नाही, आणि सुरू न झाल्यामुळे संपलाही नाही.

नेमके त्याच वेळी हिंदुराव पाटील बुलेटवरून चालले होते. गाडी थांबवून त्यांनी कंपाउंडवरून बघितलं. शंभर पोरं, एकाचा आवाज नाही, एक पान हलत नाही. "व्वा मास्तर," ते म्हणाले, "ह्याला म्हंत्यात शिस्त! तुमचं काम मनात हाय माज्या." मला मान हलवून आभार मानता येईनात, पण त्यांना ते समजलं असावं.

मंगळवार, २७ जानेवारी

'शाळेत बंदूक-सुरक्षा शिकवावी काय? माझे मत' यावर निबंध घेतला. अडतीस वह्या तपासतो आहे. मुलांना मुद्देसूद लिहिता येत नाही. काही नमुने इथे उतरवून ठेवतो.

एकाने लिहिलं आहे: 'आमच्या घरी बंदूक नाही. विळा आहे, त्याने आजीचे बोट गेले. बैल आहे, त्याने चुलत्याचा दात पाडला. बंदुकीने आजवर काही केले नाही. तरी शिकवावे, कारण त्या तासाला गणित नसते.' पाच गुण.

आठवीतली मुलगी: 'थांबा हा नियम मला फार आवडला. घरी बाबा आईवर धावले तेव्हा मी थांबा म्हणाले. बाबा थांबले. अजून मी चला म्हटलेले नाही.' भाषा बरी, विषय सोडून लिहिलं आहे. चार गुण.

येडू: 'यात्रेत पाटील देवळाच्या पायरीवर बंदूक उडवतात. मागल्या वर्षी मी जवळ होतो. बंदूक पुढे होती, आवाज मागून आला.' निरीक्षण चुकलेलं. तीन गुण.

निंगव्वा: 'मागल्या वर्षी पाटलांच्या बंदुकीची टोपी फट वाजली, तोंडातून धूर आला नाही. मग नळीतली दारू कुठे गेली? ती मानाची असल्यामुळे कुणी काढली नसेल. यंदा पुन्हा भरतील. म्हणून हे शिक्षण मुलांच्या आधी मोठ्यांना द्यावे.' वळणदार अक्षर, पण पाटलांचा उल्लेख अनावश्यक. तीन गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'गावातील थोरांविषयी आदर बाळगावा.'

मतांच्या तक्त्यात 'अनुकूल' आणि 'प्रतिकूल' असे दोन रकाने आहेत. हेडसरांना विचारलं, तर त्यांनी चष्मा पुसला. "प्रतिकूल हा रकाना कागदाच्या शोभेसाठी असतो सध्या. अडतीसही अनुकूल लिहा."

सोमवार, २ फेब्रुवारी

मोठी बातमी. पाटलांनी संध्याकाळी वाड्यावर बोलावलं, चहा दिला, बशीत नव्हे, कपात दिला. म्हणाले, "मास्तर, यंदाचा मानाचा बार तुमी काढायचा."

मी चाटच पडलो. आमच्याकडची रीत अशी: माघी पौर्णिमेला उन्हं कलली की खंडोबाची पालखी खांद्यावर घेतात. एकदा घेतली की ती फेरी पूर्ण होईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. आणि बंदुकीचा बार झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हा बार काढायचा मान पाटील घराण्याचा. तीस वर्षं हिंदुरावांनी त्या बंदुकीला दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही.

"पण पाटील, तुमचा मान..."

"तुमी शिकल्यालं मानूस. आन माजा खांदा जरा धरलाय." असं म्हणून त्यांनी उजव्या हाताने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. "बंदूक मीच भरून देतो. तुमी निस्ता घोडा वडायचा. गाल दाबून धरा, म्हंजी नेम चुकत न्हाई."

बार आकाशात काढायचा असतो, त्याला नेम कशाला, असं मनात आलं. पण वडीलधाऱ्या माणसाला असं विचारत नाहीत. निघताना ते म्हणाले, "यात्रेनंतर समितीची मीटिंग लावतोच." आज मला फार आनंद झाला आहे. आता मी कुर्डुवाडीला जाईन तो कायम होऊनच जाईन.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मी मुक्ताबाईंच्या घरात भाड्याने राहतो. वय साठीच्या पुढे, बोलणं सरळ. त्यांना आनंदाची बातमी सांगितली. त्या ज्वारी पाखडत होत्या, सूप तसंच हातात राहिलं. "आन पाटील कुटं उबा ऱ्हानार?"

"ते म्हणाले, विहिरीपाशी उभं राहून बघतो. तिथून चांगलं दिसतं."

"हिर देवळापासनं चांगली दोनशे पावलं हाय की वो." असं म्हणून त्या पुन्हा पाखडू लागल्या. जरा वेळाने विचारलं, "तुमाला आई हाय का, मास्तर?" आहे म्हटलं. "मग यात्रेच्या आधी एकदा भेटून या."

माझं भलं झालं की आधी आईला सांगावं, असं त्यांना म्हणायचं असेल. जुन्या माणसांना रीतभात फार.

मंगळवार, १० फेब्रुवारी

निंगव्वा आज तिसऱ्यांदा आली. "सर, त्या बंदुकीत मागलं भरल्यालं हाय. आमी येडूच्या बाला इचारलं. त्यो म्हनला, मागल्या साली बी आन त्याच्या आदल्या साली बी तोंडातनं धूर निगाला न्हाई."

मी तिला समजावलं. पाटील तीस वर्षं बंदूक हाताळतात. त्यांना नसेल ठाऊक तर कुणाला? "आणि तुझी परीक्षा आली महिन्यावर. बीजगणित कर. लोकांच्या बंदुकीत लक्ष घालू नको."

तिने विचारलं, "सर, तुमास्नी भ्या वाटत न्हाई?"

"बंदुकीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला भय वाटत नाही," मी म्हणालो. वाक्य चांगलं झालं. तिचे डोळे का भरले ते समजलं नाही. या वयात मुली हळव्या असतात.

हेडसरांनी माझी कायम करण्याची ऑर्डर टाइप करून ठेवली आहे. सहीची जागा मोकळी आहे, खाली 'अध्यक्ष' असं लिहिलं आहे. मी ती दोनदा बघून आलो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. हात थरथरत होते. बंदूक फार जड आहे.

काल यात्रेला सगळं गाव देवळापुढे होतं. पाटलांनी दिलेला फेटा मला मोठा होत होता, सारखा डोळ्यांवर येई. शाळेची मुलं दोन्ही बाजूंना रांगेत. येडूचा बाप पालखीच्या पुढच्या दांडीखाली. पालखी खांद्यावर आली, "येळकोट येळकोट" झालं, हलगी कडाडली. पाटलांनी भरलेली बंदूक माझ्या हातात दिली आणि धरलेल्या खांद्याचा माणूस पळणार नाही इतक्या चपळाईने विहिरीकडे गेले. मी पायरीवर चढलो, दस्ता खांद्याला लावला, सांगितल्याप्रमाणे गाल दाबून धरला आणि घोड्याकडे बोट नेलं.

"थांबा!"

निंगव्वा होती. अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडली. शाळा थांबली. मुलांनी महिनाभर घरोघर हा नियम चालवलेला, त्यामुळे आयाही थांबल्या, बापही थांबले. भंडारा उधळायला वर गेलेले हात तसेच राहिले. हलगीवाला थांबला. मीही थांबलो.

फक्त पाटील विहिरीपासून ओरडत आले. "कोन गं तू? द्येवाचा बार आडिवती?"

"मी न्हाई आडिवला. पाचव्या नेमानं आडिवला," ती म्हणाली. "सर, चवथा नेम. नळीत काय हाय त्ये तुमी सवता बगितलं का?"

"पाटलांनी स्वतः भरली आहे," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या सांगन्यावर इसंबू न्हाई. तुमीच लिवलंया फळ्यावर."

मी खरंच लिहिलं होतं. पालखीखालून येडूचा बाप बोलला, "मास्तर, काय बगायचं त्ये बगा की बिगीनं. खांदा चाललाय माजा. नळीखाली गज हाय बगा लोखंडी, त्यो आत सोडा. मी पाटलाच्या मळ्यात राखनीला हुतो. एका बाराला चार बोटं गज भाईर ऱ्हातो."

"आदी टोपी काढा, सर," निंगव्वा म्हणाली. टोपी कोणती ते मला माहीत नव्हतं. मी फेटा काढला. येडू पुढे आला, त्याने घोड्याखालची पितळेची टिकली नखाने उचलली आणि म्हणाला, "ही, सर." मग मी तोंड आभाळाकडे ठेवून गज आत सोडला. तो मध्येच टेकला. निंगव्वाने बाहेर राहिलेल्या गजाला बोटं लावली. चार. त्यावर चार. त्यावर आणखी चार. सगळं गाव तिच्या बोटांकडे बघत होतं.

"यक ईत," ती म्हणाली. "तीन वर्सांचं बार हायेत ह्यात."

पाटील आभाळाकडे बघू लागले, जणू आता पाऊस येणार आहे. तेवढ्यात येडूने विचारलं, "मग मागली दोन वर्सं वाजलं काय?"

याचं उत्तर देवळामागून आलं. "आगं पोरी, चला म्हन की लवकर! उदबत्ती बोटाला आली!"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पाटलांचा गडी श्रीमंत देवळामागे एका हातात पेटती उदबत्ती आणि दुसऱ्या हातात सुतळी बाँब घेऊन उभा होता. 'थांबा' म्हटल्यावर तोही थांबला होता.

निंगव्वाने पाटलांकडे बघितलं, मग पालखीकडे, मग येडूच्या बापाच्या खांद्याकडे. मला कुणी विचारलं नाही. ती म्हणाली, "चला." श्रीमंतने बाँब पेटवून दिला. धडाम झालं. भंडारा उडाला आणि खंडोबा मागल्या दोन वर्षांसारखाच निमूट फेरीला निघाला.

माझा मान मात्र हुकला. पाटील माझ्याकडे न बघता निघून गेले. मुलीने जरा घाई केली, आधी मला बाजूला घेऊन नीट सांगायला हवं होतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बंदुकीत पाणी ओतून लोहाराने ती रिकामी केली. हेडसरांनी मला साक्षीदार म्हणून पाठवलं होतं. आतून चिंध्यांचे तीन बोळे निघाले आणि ओली दारू, ओंजळभर. लोहाराने नळी फिरवून बघितली. "मास्तर, ही उडाली आसती तर आमाला नवा मास्तर बगाय लागला आसता."

म्हणजे तो बदलीबद्दल बोलत असावा. माझ्या नोकरीचं गावभर झालेलं दिसतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पाटलांचा निरोप आला. परवा मीटिंग. ऑर्डरवर सही होईल, पण निंगव्वाने आधी चावडीवर माफी मागायची, भर यात्रेत थोरांचा अपमान केला म्हणून. नाहीतर तिचं परीक्षेचं हॉल तिकीट अडवायचं. माफीचा मजकूर मी लिहून द्यायचा.

तशी साधी गोष्ट आहे. दोन ओळींची माफी, ती सुटेल, मी कायम होईन, पाटलांचा मान राहील. उद्या जाऊन येतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

निंगव्वाच्या घरी गेलो. तिची आई शरणम्मा भाकरी थापत होती. सगळं सांगितलं. परातीतला हात न थांबवता शरणम्मा म्हणाली, "तुमी शिकिवलं म्हनून वरडली पोरगी. आन तुमीच आता म्हंताय का, चुकलं म्हन?"

निंगव्वा म्हणाली, "आव्वा, ऱ्हाऊ दे. मागते मी माफी. पन कशाची मागू त्ये सर, नीट लिवून द्या. मला सुचंना."

मी ओट्यावर बसलो, वही मांडीवर घेतली आणि अर्जाच्या पद्धतीने लिहू लागलो. 'मी, इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, दिनांक १५ रोजी यात्रेत, शिक्षक श्री. डोंगरे हे तीन बार भरलेली बंदूक गालाला लावून घोडा ओढणार इतक्यात, त्यांना मोठ्याने थांबवले, याबद्दल मी...'

पुढे 'दिलगीर आहे' लिहायचं होतं. पेन चालेना. शाई होती. मी ती ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून वाचली, पहिलीतली मुलं वाचतात तशी. गालाला लावून. माझा गाल. मग मला एकेक आठवू लागलं: पाटलांचा धरलेला खांदा, विहिरीची दोनशे पावलं, मुक्ताबाईंनी आईचं विचारलेलं, लोहार, आणि ती तीन वेळा आली होती ते. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला एकट्याला नव्हतं, आणि बंदूक माझ्या हातात होती.

मला ओट्यावरच उलटी झाली. शरणम्माने पाणी दिलं, भाकरीचा हात धुऊन माझ्या पाठीवर फिरवला. मी त्या मुलीसमोर रडलो. लाज वाटली, पण थांबता येईना. मी मेलो असतो हे मला पाच दिवसांनी समजलं.

तो कागद मी फाडून चुलीत घातला.

शनिवार, २१ फेब्रुवारी

मीटिंग झाली. पाटलांनी विचारलं, "आनलं का लिवून?"

मी उभा राहिलो. म्हणालो, पोरीने माफी मागायची नाही. मागायची तर मी तिची मागतो. मी जन्मात बंदूक उडवलेली नाही, एन.सी.सी.त मी ढोल वाजवायचो, आणि तिने मला तीन वेळा सांगितलेलं मी ऐकलं नाही. हे सगळं लिहून घ्यायचं तर घ्या.

पाटील लाल झाले. "मग त्या पोरीचं हॉल तिकीट..."

"ते मी मंगळवारीच देऊन टाकलं," हेडसर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "थांबवावं असा कागद आलेला नव्हता." मी त्या माणसाला दोन वर्षं भित्रा समजत होतो.

मग ठराव झाला. तो शब्दशः उतरवतो: 'श्री. म. डोंगरे यांना बंदुकीचे कोणतेही ज्ञान नसल्याचे उघड झाल्याने त्यांना चित्रकला शिक्षक या पदावर कायम करता येत नाही. एप्रिलअखेर सेवा समाप्त.' सर्वानुमते मंजूर. पाटलांनी सही केली. ऑर्डरवर त्यांच्यासाठी ठेवलेली मोकळी जागा मोकळीच राहिली.

सोमवार, २३ फेब्रुवारी. कुर्डुवाडी

आज संध्याकाळी दगडूमामांकडे आलो. पत्र लिहून कळवता आलं असतं, पण पत्रात मी पुन्हा काहीतरी बरं दिसेल असं लिहिलं असतं. म्हणून स्वतः आलो.

मामा वर्कशॉपातून नुकतेच आलेले, हाताचं ग्रीस रॉकेलने पुसत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. कायम झालो नाही. एप्रिलपासून नोकरीही नाही. का ते विचारलं, तेव्हा ढोलापासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मामा ऐकता ऐकता हात पुसायचे थांबले होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "आमचं बोलनं कायम मानसाबद्दल झालं हुतं, पावनं."

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच सांगायला आलो. येतो मी."

मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात आतल्या दाराआडून गिरिजा वडिलांना उद्देशून बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"दादा, कायम न्हाईत तर न्हाईत. हायेत तर खरं! आदी त्यास्नी बसाय सांगा की."

मामांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि ग्रीसच्याच हाताने खुर्ची पुढे ओढली. मी बसलो. मग तिने चहा आणला.